घरबसल्या मायक्रोटास्क: आधी काय जुळवायचं, काम कसं टिकवायचं, पैसे हातात कसे घ्यायचे

फोटोतल्या गाड्यांभोवती चौकोन काढणं, आवाजाचे तुकडे ऐकून लिहून काढणं, सर्चचे निकाल तपासणं, दिलेली वाक्यं वाचून रेकॉर्ड करणं, एआयच्या दोन उत्तरांतलं बरं कुठलं ते सांगणं. अशा मिनिटा-दोन मिनिटांच्या कामांवर घरखर्च भागवायला निघालेले बहुतेक जण क्रम चुकवतात. आधी दहा साइटवर खाती उघडतात आणि दिसेल ते काम घेतात. पहिले पैसे काढायची वेळ आली की कळतं, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. तोवर घाईत दिलेली परीक्षा नापास झालेली असते, आणि ती पुन्हा देता येत नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पहिले तीन कंटाळवाणे आहेत, पण नंतरची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

## १. यावर घर चालणार का, ते आधी ठरवा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये अशा कामावर एक मोठा अहवाल काढला. अशी कामं देणाऱ्या पाच साइट (म्हणजेच प्लॅटफॉर्म), ७५ देश आणि ३,५०० कामगार. त्यात दिसलं की पैसे मिळणाऱ्या दर तासामागे साधारण २० मिनिटं फुकट जातात. काम शोधण्यात, सूचना वाचण्यात, चाचण्या देण्यात. हा फुकटचा वेळ धरला तर निम्म्या कामगारांची कमाई ताशी २.१६ डॉलरपेक्षा कमी होती. आकडे २०१७ चे आहेत आणि दर तेव्हापासून बदलले, पण फुकट जाणारा वेळ आजही हिशेबात धरायलाच हवा.

माझं मत स्पष्ट सांगते. पहिले तीन-चार महिने याकडे जोड उत्पन्न म्हणूनच बघा. हातातली नोकरी, शिकवण्या, शिवणकाम जे काही असेल ते सोडू नका. यातला सगळ्यात वाईट भाग कमी दर हा नाहीच. काम अचानक थांबतं, तो खरा त्रास. प्रोजेक्ट शुक्रवारी चालू असतो, सोमवारी पान उघडलं तर ‘सध्या काम उपलब्ध नाही’. कुणी कळवत नाही, कारण देत नाही.

तपासा: काम दोन महिने पूर्ण बंद पडलं तर घरभाडं आणि हप्ते कशातून जातील? याचं उत्तर नसेल तर यावर एकट्यावर अवलंबून राहायची वेळ अजून आलेली नाही.

## २. नाव, कागद आणि पैसे येण्याची वाट

पहिलं काम घेण्याआधी हे करा. सगळ्यात जास्त पेमेंट इथेच अडकतात, आणि त्यातही लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी आणि मग वडिलांचं नाव. प्लॅटफॉर्मच्या संगणकाला या तीन वेगळ्या बाया वाटतात.

अ) पॅन, आधार आणि बँक खातं शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. ‘सुनीता’मधल्या ‘नी’ला एका कागदावर दोन ई आणि दुसऱ्यावर एक आय, एवढ्यानेही पडताळणी नाकारली जाऊ शकते. दुरुस्ती लागणार असेल तर आधी पॅन ठीक करा आणि बाकीचं त्याला जुळवा, कारण पैसे आणि कर दोन्ही पॅनला बांधलेले आहेत. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही बघून घ्या.

ब) बँक खातं फक्त तुमच्या नावाचं असू द्या. पतसंस्थेतलं खातं इथे उपयोगाचं नाही. शून्य शिलकीचं खातं असेल आणि केवायसी अपुरं असेल तर ते ‘लहान खातं’ धरलं जातं. त्यात वर्षभरात १ लाखापर्यंतच जमा होऊ शकतात आणि महिन्याला १० हजारांपर्यंतच काढता येतात. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या.

क) परदेशी प्लॅटफॉर्म बहुधा पेपल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पोहोचवणाऱ्या सेवांमधून पैसे देतात. पेपलवर पॅनवरच्याच नावाने खातं उघडा, बँक खातं जोडा, आणि विचारला जाणारा ‘पर्पज कोड’ (परदेशातून आलेले पैसे कशाचे, ते सांगणारा क्रमांक) कामाला साजेसा निवडा. भारतात पेपलमधली रक्कम आपोआप बँकेत जाते, तिथे साठवून ठेवता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून पेपलचे देशांतर्गत व्यवहार बंद आहेत, पण परदेशातून येणारे पैसे चालू आहेत. ‘पेपल भारतात बंद झालं’ हे अर्धवट ऐकून लोक भलतीकडे जातात.

ड) फक्त याच कामासाठी एक वेगळा ईमेल ठेवा. मुलांच्या शाळेच्या मेलमध्ये ‘तुमची पात्रता चाचणी ४८ तासांत संपते’ हा मेल हरवतो.

सावध: नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात पैसे घ्यायचा ‘तात्पुरता’ उपाय करू नका. बऱ्याच ठिकाणी खातेदार आणि कामगार एकच असावा लागतो. नंतर बदल करायला गेलात की खातं तपासणीसाठी गोठवलं जातं.

## ३. यंत्र, नेट आणि वीज

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करणं आणि छोटे सर्व्हे होतात. पण चौकोन काढणं, लिहून काढणं, उत्तरं तपासणं यासाठी लॅपटॉप किंवा डेस्कटॉपच हवा. ८ जीबी रॅमचा जुना, वापरलेला लॅपटॉप पुरतो. महागडा घेऊन त्याचे हप्ते या कमाईतून फेडायचा बेत करू नका. मी पाहिलेले असे बेत बरेचदा हप्त्याच्या तारखेलाच कोलमडले आहेत.

हेडफोन मात्र बरा घ्या. लिहून काढायच्या कामात ‘नाही’ आणि ‘पाही’ यातला फरक ऐकू आला नाही तर अर्धा वेळ मागे-पुढे करण्यातच जातो. रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, खिडकी बंद, आणि कपड्यांच्या कपाटाजवळ बसा. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि फाईल नाकारली जाते.

बऱ्याच कामांना घड्याळ लावलेलं असतं, मध्येच वीज गेली तर काम परत जातं. राउटरसाठी छोटा पॉवर बॅकअप मिळतो, तो घ्या. दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा. त्याआधी त्या प्लॅटफॉर्मला जोडणी बदललेली चालते का, ते नियमांत वाचा. काही ठिकाणी आयपी पत्ता (तुमच्या नेट जोडणीचा क्रमांक) वारंवार बदलला की खातं संशयास्पद ठरतं.

## ४. कुठलं काम घ्यायचं

मराठी माणसाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: हे काम जगातला कुणीही करू शकतो, की मराठी येणाराच? फोटोवर चौकोन काढण्यात तुमची स्पर्धा साऱ्या जगाशी आहे, म्हणून दर तळाला जातो. मराठी बोलणं ऐकून लिहून काढणं, मराठी सर्चचे निकाल तपासणं, एआयच्या मराठी उत्तरांतल्या चुका दाखवणं, यात स्पर्धक कमी असतात आणि दर बहुधा बरा असतो. मात्र हे काम सतत नसतं, लाटांनी येतं. म्हणून मराठीचं काम मुख्य धरा आणि चौकोनांचं काम मधल्या रिकाम्या दिवसांसाठी ठेवा.

नावं घ्यायची तर अमेझॉनचं मेकॅनिकल टर्क २००५ पासून आहे. इथे काम देणारा तुमचं काम नाकारू शकतो, आणि नाकारलं की पैसे नाहीत. जर्मनीच्या क्लिकवर्करसारख्या कंपन्यांमार्फत मायक्रोसॉफ्टच्या यूएचआरएस या यंत्रणेवर काम मिळू शकतं. तिथे काम जुळलं तर सलग मिळतं, पण पैसे हातात यायला काही आठवडे लागतात. ॲपेन, वनफॉर्मा, टेलस डिजिटल यांच्याकडे भाषेनुसार प्रोजेक्ट निघतात, तिथे यादीत ‘मराठी, भारत’ आहे का ते बघायचं. बंगळुरूची कार्या ही संस्था भारतीय भाषांतली आवाजाची आणि मजकुराची कामं मोबाइलवर देते.

भाषिणी या सरकारी उपक्रमाचं ‘भाषादान’ आणि गूगलचं ‘क्राउडसोर्स’ ही कामंही दिसायला अशीच असतात, पण दोन्ही स्वयंसेवी आहेत. पैसे मिळत नाहीत. सरावासाठी मात्र उत्तम: परीक्षेच्या आधी चार दिवस तिथे हात बसवून घ्या.

कॅप्चा (माणूसच आहे ना ते तपासायला साइट दाखवतात ती वेडीवाकडी अक्षरं) भरायची कामं टाळा. हजार कॅप्चांमागे मिळणारे पैसे आणि डोळ्यांना होणारा त्रास यांचा मेळ बसत नाही. आक्षेपार्ह मजकूर तपासायच्या कामाचा दर जास्त दिसतो, कारण त्यात हिंसेचे आणि लैंगिक छळाचे व्हिडिओ बघावे लागतात. घरात मुलं असताना, त्याच टेबलावर, हे काम घ्यावं असं मला वाटत नाही.

## ५. नोंदणीआधीची चाळणी: खरं की फसवणूक

खाती उघडण्याआधी हा टप्पा आहे, कारण सध्या ‘घरबसल्या टास्क’ म्हणून येणारे मेसेज बहुतेक फसवणुकीचेच असतात. दोन प्रकार ओळखायला शिका.

पहिला टेलिग्रामवरचा. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, यूट्यूब व्हिडिओ लाइक करा किंवा हॉटेलला पाच तारे द्या. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरंच येतात. मग टेलिग्राम ग्रुपात घेतात, तिथे बाकीचे लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात (ते सगळे फसवणाऱ्यांचेच साथीदार). नंतर येतो ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे मिळवा. पुढच्या खेपेला पैसे परत हवे असतील तर आधी आणखी भरा. इथून माणूस लाखांपर्यंत जातो.

दुसरा फॉर्म भरण्याचा, आणि हा आपल्याकडे गावोगाव पोहोचलेला आहे. ‘६०० फॉर्म भरा, ९० टक्के अचूकता, २५ हजार रुपये’ अशा थाटाची जाहिरात. ऑनलाइन करारावर सही घेतात. काम दिल्यावर सांगतात की अचूकता कमी पडली, म्हणून नुकसानभरपाई भरा. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि फोनवर ‘अटक होईल’ अशी धमकी. माणूस घाबरून पैसे देतो, आणि एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

तपासा:
– काम मिळवण्यासाठी पैसे मागितले? नोंदणी, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण, अनामत, नाव काहीही असो. तिथेच थांबा.
– पैसे वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या वैयक्तिक यूपीआयवरून येतात? ते दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असू शकतात. तो तक्रार करतो तेव्हा तुमचं खातं गोठतं.
– मुलाखत, करार, हिशेब सगळं टेलिग्रामवरच? खऱ्या कंपनीचा स्वतःचा डोमेन आणि लॉगइन असतं.
– ‘तुमचं बँक खातं वापरायला द्या, टक्केवारी देतो’ किंवा ‘तुमचं प्लॅटफॉर्मचं खातं भाड्याने द्या’? पहिल्यात गुन्ह्यात नाव येतं, दुसऱ्यात खातं कायमचं जातं.

पैसे गेले असतील तर एक तासही दवडू नका. १९३० वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात वळायच्या आत अडवता आली तरच परत मिळायची आशा असते. फॉर्मवाल्यांची नोटीस आली असेल तर पैसे देऊ नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे.

## ६. नोंदणी आणि प्रोफाइल

सुरुवातीला दोन, फार तर तीन प्लॅटफॉर्म. दहा ठिकाणी नोंदणी केली की दहा ठिकाणचे नियम वाचले जात नाहीत.

प्रोफाइलमध्ये भाषा भरताना मराठी ‘मातृभाषा’ आणि देश ‘भारत’ निवडा. हिंदी आणि इंग्रजीची पातळी खरी लिहा. इंग्रजी ‘मातृभाषेइतकी’ लिहिली की त्याच पातळीची परीक्षा पुढ्यात येते. शिक्षण, आधीचं काम, घरात असलेली उपकरणं नीट भरा, कारण प्रोजेक्टची निवड या रकान्यांवरून आपोआप होते. पन्नाशी पार केलेल्या, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाचा आवाज हवा असलेलं काम निघतं तेव्हा तो रकाना रिकामा असेल तर ते तुमच्यापर्यंत येतच नाही.

ओळखपत्र मागितलं तर शक्य तिथे पॅन किंवा पासपोर्ट द्या. आधार द्यावाच लागला तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

सावध: एका माणसाचं एकच खातं. नवरा-बायको दोघांना एकाच वायफायवरून काम करायचं असेल तर आधी सपोर्टला लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हीपीएन (नेटवर आपलं ठिकाण लपवणारी सोय) लावून देश बदलणं, भारतातून बंद असलेल्या साइटवर खोट्या पत्त्याने शिरणं, हे यूट्यूबवर ‘ट्रिक’ म्हणून शिकवतात. काम करताना ते चालूनही जातं. पैसे काढायच्या वेळी पडताळणी होते, तिथे पकडलं जातं आणि जमलेली सगळी रक्कम जाते.

## ७. पात्रता परीक्षा

चुकांचं मोठं आगर इथे आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

बहुतेक परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायच्या असतात. म्हणजे सूचनापत्र समोर ठेवायला परवानगी असते, आणि लोक नेमके ते न वाचताच बसतात. सर्च तपासण्याच्या कामाचा अंदाज घ्यायचा असेल तर गूगलने आपलं तपासनिसांसाठीचं सूचनापत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे, दीडशेहून जास्त पानांचं. पूर्ण नको, पण उदाहरणांची पानं वाचा. ‘माणसाला काय हवं होतं’ आणि ‘पान किती विश्वासाचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं जरी समजलं तरी निम्मी तयारी होते.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त वाचन, परीक्षेचं बटण दाबायचं नाही. वाचताना नियमापेक्षा अपवाद वहीत लिहून घ्या, कारण परीक्षेतले प्रश्न अपवादांवरच असतात. दुसऱ्या दिवशी सूचनापत्रातली उदाहरणं उत्तर झाकून सोडवा. जिथे तुमचं उत्तर वेगळं येईल तिथे ‘त्यांचं चुकलं’ असं म्हणून पुढे जाऊ नका. काम त्यांच्या नियमाने करायचं आहे, तुमच्या मताने नव्हे. तिसऱ्या दिवशी, घर शांत असताना, सलग बसून परीक्षा द्या.

परीक्षेत किती संधी आहेत ते सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. एकच असेल तर मुलं शाळेतून यायच्या वेळी बसू नका.

पास झालात तरी परीक्षा संपत नाही. रोजच्या कामात, उत्तर आधीच ठरलेले प्रश्न लपवून पेरलेले असतात. त्यात चुका वाढल्या की काम कमी होत जातं आणि मग बंद होतं. संध्याकाळी पेंगत केलेली शेवटची पन्नास कामं सकाळच्या दोनशे कामांची अचूकता खाली आणतात. मेकॅनिकल टर्कसारख्या ठिकाणी तर मंजुरीची टक्केवारीच तुमची पत असते, आणि बऱ्याच कामांना ९५ किंवा त्याहून जास्त टक्के लागतात. सुरुवातीची शंभरेक कामं संथ आणि चोख करा. तेव्हाच्या दोन नकारांनी टक्केवारी जेवढी घसरते तेवढी पुढे वीस नकारांनीही घसरत नाही.

एआयकडून उत्तरं लिहून घेऊन चिकटवणं हा सध्याचा सर्वांत सोपा आत्मघात आहे. काम देणाऱ्याला माणसाचं मत हवं असतं म्हणून तर तो पैसे मोजतो.

## ८. मराठीच्या कामात कुठे चुकतं

इथे आपण चोख असायला हवं, आणि नेमके इथेच ‘मराठी तर येतं’ म्हणून सूचना वाचत नाही.

*टायपिंग.* युनिकोडच हवं, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर सारखंच दिसणारं टायपिंग. डीटीपीच्या दुकानात शिकलेल्यांना श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटची सवय असते. त्यातला मजकूर समोरच्याला भलत्याच खुणा म्हणून दिसतो. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी) शिकलात तर उत्तम, नाहीतर गूगलचा इंग्रजी अक्षरांतून मराठी देणारा कीबोर्ड घ्या. तो ‘मराठी’ लावलेला आहे ना, ते बघा. हिंदी लावला असेल तर ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ पडतं, ‘दऱ्या’तला ‘ऱ’ मिळत नाही, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी दंड येतो. डोळ्यांना किरकोळ वाटतं, पण जुळणी करणाऱ्या यंत्राला तो वेगळा शब्द असतो.

*लिहून काढणं.* आधी बघा, शब्दशः हवं की साफ करून. शब्दशः म्हटलं असेल तर माणूस ‘केलं’ म्हणाला तर ‘केलं’च, ‘केले’ नाही. तो ‘हाय’ म्हणाला तर ‘आहे’ करायचं नाही. वऱ्हाडी माणूस ‘करून राहिलो’ म्हणाला तर तेच. शाळेत घोटवलेलं प्रमाण लेखन इथे आडवं येतं. शिक्षकी पेशातल्या लोकांना हे फार जड जातं, हात आपोआप दुरुस्ती करतो.

मधले इंग्रजी शब्द देवनागरीत की रोमन लिपीत, आकडे अंकात की अक्षरात, ‘अं’, ‘म्हंजे’ ठेवायचं की गाळायचं, दोघं एकदम बोलले तर कुठली खूण: या चार प्रश्नांची उत्तरं सूचनापत्रातून एका कागदावर उतरवा आणि स्क्रीनशेजारी चिकटवा. प्रत्येक प्रोजेक्टचा कागद वेगळा. एकाची सवय दुसऱ्यात नेली की काम परत येतं.

बोलणारा मध्येच हिंदीत गेला किंवा मालवणीत बोलू लागला, तर भाषेची खूण काय लावायची तेही विचारून घ्या. अंदाजाने ‘मराठी’ ठोकून देऊ नका.

*एआयची उत्तरं तपासणं.* इथे पैसे कारणाला मिळतात. ‘दुसरं उत्तर जास्त चांगलं वाटलं’ हे कारण नाही. असं लिहा: ‘पहिल्या उत्तरात पुस्तक शब्दाला पुल्लिंगी क्रियापद लावलं आहे, प्रश्न तुम्हीमध्ये असून उत्तर मध्येच तूमध्ये जातं, आणि मदतऐवजी मदद हा हिंदी शब्द आला आहे. दुसऱ्यात भाषा ठीक आहे, पण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी एकीचं उत्तर नाही.’ कारण बहुधा इंग्रजीत लागतं. साध्या, छोट्या वाक्यांत चालतं. भाषा कानाला गोड लागली म्हणून चुकीच्या माहितीला वरचा क्रमांक देऊ नका, हा दोष आपल्याकडच्या तपासनिसांत मला सारखा दिसतो.

सावध: घरातल्या मुलांचा आवाज किंवा चेहरा ‘एवढं एकच वाक्य बोल’ म्हणून रेकॉर्ड करून पाठवू नका. अल्पवयीन मुलांसाठी पालकांच्या संमतीचा वेगळा फॉर्म असतो. तो नसेल तर काम नियमबाह्य आहे.

## ९. पहिल्या दोन आठवड्यांचा हिशेब

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट. रकाने: तारीख, प्लॅटफॉर्म, कामाचा प्रकार, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, किती कामं, किती नाकारली, प्रत्यक्ष जमा रक्कम. सूचना वाचण्याचा आणि काम येईल म्हणून पान ताजं करत बसण्याचा वेळही यात धरायचा.

एक कल्पित उदाहरण. एका कामाला ३ सेंट, एकाला ४५ सेकंद. म्हणजे तासाला ८० कामं, २.४० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ताशी २०४ रुपये. छान वाटतं. आता दर तासामागची ती २० फुकटची मिनिटं घाला: ताशी १.८० डॉलर राहिले. पाच टक्के काम नाकारलं गेलं: १.७१. रुपये करताना पेमेंटवाल्याने चार टक्के कापले असं धरा. हातात ताशी १४० रुपयांच्या आसपास.

आवाज लिहून काढायच्या कामात तर आणखी एक खड्डा आहे. दर ‘ऑडिओच्या तासाला’ असतो, तुमच्या तासाला नव्हे. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला सराईत माणसाचेही चार तास जातात. बाजारातली गर्दी, तीन माणसं एकदम बोलणारी, असं असेल तर सहा-आठ. ६०० रुपये ‘तासाला’ म्हणून घेतलेलं काम ताशी १०० किंवा ७५ रुपयांवर येतं. काम घेण्याआधी नमुन्याचा तुकडा मागा, पाच मिनिटं लिहून काढा आणि घड्याळ लावा.

दोन आठवड्यांनी शीट उघडा. तुमच्या गावात तेवढ्याच वेळात दुसऱ्या कामाचे जे मिळतात तो तुमचा तळाचा दर. त्याखालचा कामाचा प्रकार सोडून द्या, कितीही सोपा असला तरी. सोपं काम सोडवत नाही, हीच यातली अडचण आहे.

वेळेचंही बघा. अमेरिकेतली कामं त्यांच्या सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात-साडेसातनंतर. युरोपातली दुपारी. दिवसभर पान उघडून बसण्यापेक्षा दुपारचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास ठरवून घ्या. आणि दर पाऊण तासाला उठा. मनगट एकदा दुखायला लागलं की महिना जातो.

## १०. काम नाकारलं, काम थांबलं

नाकारलं तर त्याच रात्री चिडून लिहू नका. दुसऱ्या दिवशी कामाचा क्रमांक, सूचनापत्रातला नियम आणि तुम्ही काय केलं, एवढंच चार ओळींत लिहा. एकदाच. ‘मी गरीब घरातली आहे, माझं सगळं यावर चालतं’ याने निर्णय बदलत नाही. नियमाचा क्रमांक दाखवल्याने कधी कधी बदलतो.

पुराव्यासाठी दर शुक्रवारी जमा रकमेच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. खातं बंद झालं की ते पान उघडत नाही, आणि मग किती येणं होतं ते सांगायलाही हातात काही राहत नाही. याच कारणाने किमान रक्कम पूर्ण होताच पैसे काढून घ्या. प्लॅटफॉर्मवर साठवू नका.

एखादा प्रोजेक्ट सुरळीत चालू असतानाच पुढच्याची परीक्षा द्या. काम थांबल्यावर शोधायला लागलात तर निवड, परीक्षा, पहिलं पेमेंट यात दीड-दोन महिने सहज जातात.

अचूकता टिकली की दुसऱ्यांचं काम तपासायचं काम विचारून घ्या. ते बहुधा तासावर असतं, आणि दर तुकड्यामागे मोजायचा जाच संपतो. बहुतेकांना हे मिळू शकतं हे माहीतच नसतं, कारण जाहिरात येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला एक मेल टाकावा लागतो.

## ११. कर आणि कागद

ही कमाई पगार नाही, व्यवसायाचं उत्पन्न आहे. त्यामुळे विवरणपत्राचा पगारदारांसाठीचा सोपा फॉर्म, आयटीआर-१, इथे चालत नाही, आयटीआर-३ किंवा ४ लागतो. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण उत्पन्न ४ लाखांवर गेलं तर विवरणपत्र भरावंच लागतं. वर्षाचा कर १० हजारांवर जाणार असेल तर आगाऊ कर भरायचा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, बहुतेकांना ती लागत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या व्हिडिओत सांगितलेलं कलम शोधत बसू नका. तालुक्याच्या सीएकडे जाताना चार गोष्टी न्या: बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, पेपल किंवा पेओनियरचा वार्षिक हिशेब, प्रत्येक प्लॅटफॉर्मवरचा कमाईचा अहवाल आणि खर्चाच्या पावत्या. नेट, लॅपटॉप, हेडफोन यांच्या पावत्या तुमच्याच नावाच्या असू द्या. ‘डेटा एंट्रीचे पैसे आले’ एवढंच सांगितलंत तर ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकून मोकळे होतील. परदेशी ग्राहकांना दिलेल्या सेवेचं हे उत्पन्न आहे, असं स्पष्ट सांगा. दोन-तीन वर्षांची अशी विवरणपत्रं असली की पगाराची चिठ्ठी नसतानाही बँक कर्जाच्या अर्जाकडे बघते.